जसो आसा तसो

आमच्या आईने विचारलं, "मास्तरानू, भात वाडू?" की सर ताटाकडे बघून मान जरा डावीकडे कलती करायचे, चष्मा एका बोटाने वर सारायचे आणि म्हणायचे, "सध्या तरी."

वाटेत कुणी विचारलं, "सर, इथल्या कॉलेजातच ना तुम्ही?" तरी तेच. "सध्या तरी." एकदा त्यांना सणसणून ताप भरला होता. डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारून विचारलं, "ऐकू येतंय ना मी बोलतो ते?" सर डोळे मिटून पुटपुटले, "सध्या तरी." डॉक्टर घाबरले, आम्ही हसलो. डॉक्टरांना काय माहीत, हा माणूस ठणठणीत असतानाही तेवढंच बोलतो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दरवर्षी जूनमध्ये नेमायची, एप्रिलमध्ये काढायची, आणि परत जूनमध्ये तीच जागा, तोच फळा, तीच खुर्ची, फक्त नेमणूक नवी. मधल्या दोन महिन्यांत तो माणूस कुणाचाच नसतो. सर तर्कशास्त्र शिकवायचे आणि त्यांच्या पदाचं नाव होतं हंगामी अध्यापक.

हंगामी हा शब्द आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमचं कॉलेजच हंगामी होतं. गावातल्या आंब्याच्या व्यापारी शेटच्या वखारीत ते भरायचं. शेटनी जागा फुकट दिली होती, म्हणून ते कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. अट एकच होती, आंबा उतरायला लागला की वखार मोकळी करायची. विद्यापीठ काय म्हणतं, परीक्षा कधी आहे, हे हापूसला कोण सांगणार? एखाद्या वर्षी आंबा लवकर आला की आमचा अभ्यासक्रम लवकर संपायचा. एका कोपऱ्यात पेंढा येऊन पडायचा, मग पेट्यांची फळकुटं, मग खिळे ठोकणारे गडी. सर फळ्यावर वर्तुळं काढून 'सर्व' आणि 'काही' यातला फरक सांगत असायचे आणि मागून ठाक ठाक चालू. वर्ग म्हणजे दोन खांबांमध्ये टांगलेली किंतानं, गोणपाटाचे पडदे. या वर्गातलं तर्कशास्त्र त्या वर्गातल्या इतिहासात मिसळायचं. अकबर मर्त्य होता हे आम्ही दोन्ही विषयांत शिकलो.

शिकवणारे सगळे हंगामी. प्राचार्य पेन्शनीत निघालेले, त्यांचीही नेमणूक वर्षावर्षाची. कायम असा एकच माणूस होता, शिपाई. कारण तो मुळात वखारीचा राखणदार होता. कॉलेज आलं तरी तो होता, गेलं असतं तरी राहिला असता. त्याचा रुबाब बघण्यासारखा होता. जूनमध्ये सर पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरले की तो दारातच विचारायचा, "काय मास्तरानू, औंदा पण तुमीच काय?" जसा काही आंब्याला तोच मोहर परत आलाय.

सर आमच्या घरी राहायचे. ओटीलगतची खोली बाबांनी त्यांना दिली होती. पहिल्या वर्षी ते आले तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरात भात कांडत होते. बाबा शेतकरी, गावातले मानकरी, पण अक्षरशत्रू. सरांनी एकदा जेवताना विषय काढला.

"चेडवाक कॉलेजात घाला."

"कॉलेज करून काय करतला ता?" बाबा म्हणाले.

"सध्या तरी काय नाय," सर म्हणाले. "पण घरात बसान पण सध्या तरी कायच करणा नाय. दोनीकडे काय नायच, तर कॉलेजात काय वायट?"

बाबांनी दोन दिवस या बोलण्यातली चूक शोधली. ती सापडली नाही, म्हणून मी बी.ए. झाले. आमच्या वाडीतली पहिली. हे मी दर दहा मिनिटांनी सांगते असं माझी सून म्हणते. सांगणारच. तिच्या घरात सगळेच शिकलेले, तिला काय त्याचं?

सरांचं मूळ गाव फोंडाघाट. तिथे त्यांच्या थोरल्या भावाचं चहाचं हॉटेल होतं. एप्रिलमध्ये कॉलेज सुटलं की सर ट्रंक उचलून तिकडे जायचे आणि घाट चढणाऱ्या ट्रकवाल्यांना चहा-भजी द्यायचे. एका मे महिन्यात आमचे प्राचार्य कोल्हापूरला निघाले होते. गाडी फोंड्याला थांबली, प्राचार्य हॉटेलात शिरले, टेबलाशी बसले. समोर ओला फडका घेऊन सर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी टेबल पुसलं आणि विचारलं, "काय देऊ?"

प्राचार्य म्हणाले, "काय आहे?"

"सध्या तरी भजी आहेत."

प्राचार्यांनी भजी खाल्ली. निघताना हळूच म्हणाले, "हे विद्यार्थ्यांना कळायला नको हो." सर म्हणाले, "कळेल कसं? मी एप्रिलपासून तुमच्याकडे नाहीच." पण जूनमध्ये पहिल्याच तासाला सरांनी आम्हाला ते सगळं सांगितलं. वर म्हणाले, "आता बघा. हंगामी अध्यापक मे महिन्यात अध्यापक नसतो. मी हंगामी अध्यापक आहे. म्हणून मे महिन्यात मी कोण?" मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "हाटेलवालो." सर म्हणाले, "चूक. हॉटेल भावाचं आहे."

पहिल्या वर्षी सर गेले तेव्हा आम्ही त्यांना मोठा निरोप दिला होता. हार, नारळ, तीन भाषणं. एका मुलीला रडू आलं. जूनमध्ये सर परत. दुसऱ्या एप्रिलला हार आणि नारळ. भाषण शिपायाने केलं. जूनमध्ये सर परत. तिसऱ्या एप्रिलला नुसता नारळ. तो देताना वर्गप्रमुख म्हणाला, "सर, खावन टाकू नकात. फुडल्या साली होच चलात." सरांनी नारळ घेतला, हलवून पाणी आहे का पाहिलं आणि म्हणाले, "तर्काला धरून आहे."

इतकं हसण्यावारी नेणारा माणूस, पण एका गोष्टीत त्याला हसता येत नव्हतं. रेडीच्या एका मुलीशी त्यांचं लग्न ठरल्यासारखं होतं. ठरलेलं नव्हे, ठरल्यासारखं. मुलगी तिथल्या मराठी शाळेत शिक्षिका होती, बोर्डाच्या नोकरीत कायम. तिला वडील नव्हते, मामा सगळं बघायचा. मामाचं म्हणणं सरळ होतं: जावई कायम झाला की पत्रिका छापू. सर चौतिशीला आले होते, मुलगी तिशीला. तीन पावसाळे हे असंच चाललं होतं. आई कधी विचारायची, "रेडयेची खबर काय?" तर सर ताटातल्या माशाचे काटे बाजूला काढत म्हणायचे, "थंय सगळी कायम आसत."

चौथ्या वर्षी विद्यापीठाने तर्कशास्त्राची जागा कायम करायला मान्यता दिली. मुलाखतीची तारीख ठरली. विद्यापीठाचा एक माणूस यायचा होता, बाकी प्राचार्य आणि शेट. दुसरा उमेदवार आलेलाच नव्हता. तर्कशास्त्र शिकवायला आंब्याच्या वखारीत कोण येणार? शिपाईसुद्धा सरांना म्हणाला, "आता तुमी माझ्यावांगडा." म्हणजे कायमांच्या रांगेत, त्याच्या शेजारी.

आई म्हणाली, एवढी मोठी गोष्ट आहे, तर रवळनाथाला गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. देवळात दहाजण जमले की बाबा हातात नारळ घेऊन देवाला ओरडून सांगायचे, आणि प्रत्येक वाक्याला सगळे "होय म्हाराजा" म्हणायचे. शेत पिकू दे, गुरांना रोग नको, मुंबईच्या झिलग्याला, म्हणजे पोराला, नोकरी लागू दे, असं सगळं बाबांच्या तोंडातून देवाकडे जायचं. वाक्यं पिढ्यान्‌पिढ्यांची, घासून गुळगुळीत झालेली.

सरांचा यावर विश्वास होता की नाही, मला सांगता येणार नाही. आदल्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून देवळात आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. बाबा मात्र बिचकले होते. भात, गुरं, पाऊस ही त्यांची भाषा. अध्यापक, विद्यापीठ, मान्यता, हे शब्द त्यांनी वाटेत दोनदा सरांकडून घोकून घेतले होते.

"बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"ह्यो फोंड्याचो मास्तर आमच्या गावात ऱ्हवान पोराबाळांका शाणी करता. त्येना मनात एक इच्छा धरल्यान हा. ती पुरी कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"वाटेत कोण आडवो इलो असात, तर त्येका बाजूक सार रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

आता विद्यापीठ यायचं होतं. बाबा थांबले. नारळ या हातातून त्या हातात गेला. शब्द आठवेना. आणि आठवेना म्हटल्यावर जीभ आपल्या रोजच्या वाटेने निघाली.

"आणि ह्या तुझ्या लेकराक, आज जसो आसा तसोच, वरसानुवरसां ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे एका आवाजात ओरडले.

मुंबईला निघालेल्या मुलासाठी हे वाक्य फार चांगलं आहे. हातीपायी धड राहू दे, एवढाच त्याचा अर्थ. पण आज खांबाशी कोण उभं होतं, ते एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. सगळ्यात आधी हसले सर. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले.

बाबांचं तोंड उतरलं. "परत घालूया," ते म्हणाले. एक म्हातारे मानकरी होते, त्यांनी मान हलवली. "तसा जमाचा नाय. एकदा सांगल्यार सांगला. दोनदा सांगल्यार देव गोंधळता."

"दुरुस्ती म्हणून सांगल्यार?" सरांनी विचारलं.

"दुरुस्ती कोर्टात, मास्तरानू. हय नाय."

दुसऱ्या दिवशी मुलाखत. मुलाखत गुप्त होती, म्हणजे किंतानाच्या पलीकडे ते चौघे बसले होते आणि अलीकडे आम्ही सगळं कॉलेज. विद्यापीठाच्या माणसाने इंग्रजीतून काहीतरी विचारलं, सरांनी छान उत्तरं दिली. प्राचार्य "व्वा" म्हणाले. झालं होतं. खुर्च्या सरकल्याचाही आवाज आला. तेवढ्यात शेट म्हणाले, "मास्तरानू, येक माका सांगा. ह्या तर्कशास्त्र म्हणजे काय, ता माझ्यासारख्याक समजात असा सांगा बघूया."

अलीकडे आम्ही हबकलो. कारण सर हे अडाण्याला समजेल असं एकाच उदाहरणाने सांगायचे, आणि ते उदाहरण आम्हाला चार वर्षं पाठ होतं. माझ्या शेजारची मुलगी तोंडात पदर घालून म्हणाली, "ता नको. देवा, ता नको."

पलीकडे सरांचा आवाज खुलला. शिकवायला मिळालं की तो खुलायचाच.

"शेट, समजा आंब्याची पेटी आहे. मी वरचा आंबा उचलला. एक नंबर निघाला. दुसरा उचलला, तोही एक नंबर. मी म्हटलं, म्हणजे पेटीतले सगळे एक नंबर. यात चुकलं काय?"

"काय चुकला?" शेट म्हणाले. त्यांच्या आवाजातली गोडी जरा कमी झाली होती.

"वरच्या थरावरून खालच्या थराची खात्री देता येत नाही. गिऱ्हाईक फसतं ते नेमकं इथे. आणि तर्कशास्त्र सुरू होतं तेही इथेच."

विद्यापीठाचा माणूस खो खो हसला. त्या हसण्यानेच घात केला. वरच्या थराला निवडक फळ आणि खाली डागी, ही आमच्या शेटची ख्याती मुंबईच्या बाजारापर्यंत होती. सरांना ती माहीत नव्हती असं नव्हे. पण उदाहरण उदाहरण असतं, त्याला मालक नसतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत.

"कोणाच्या पेटयेबद्दल बोलतास?" शेटनी विचारलं.

"कोणाच्याच नाय. उदाहरण ह्या."

"माझ्या वखारीत बसान?"

संध्याकाळी प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, जागा यंदा भरायची नाही असं ठरलं. जूनमध्ये हंगामी म्हणून जरूर यावं. शिपाई वर्गातलं किंतान गुंडाळत होता. सर दिसले तशी त्याने आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

घरी वेगळाच प्रकार. बाबा जेवले नाहीत. शेट, पेटी, उदाहरण हे आम्ही त्यांना सगळं सांगितलं, त्यांच्या डोक्यात काही शिरेना. आपल्या तोंडाने माणसाची नोकरी गेली, आता गाऱ्हाणं घालायचा मान आपण सोडणार, दुसऱ्या घराण्याला देणार, एवढंच. सर ओटीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तपकिरीची डबी त्यांच्यापुढे सरकवली.

"गावकारानू, तुमी देवाकडे काय मागल्यात?"

"कित्याक ईचारतास?"

"सांगा तर."

"जसो आसा तसो ठेव," बाबा खाली बघत म्हणाले.

"मी काल कसो होतंय? हंगामी. आज कसो आसंय? हंगामी. म्हणजे तुमी मागल्यात ता देवान दिल्यान. अक्षर न्‌ अक्षर. येक दिवस पण लावक नाय. असो गाऱ्हाणेकार ह्या मुलखात दुसरो खंय गावतलो?"

बाबांनी मान वर केली. "म्हणजे माझा चुकला नाय म्हणतास?"

"तुमचा चुकला," सर म्हणाले. "देवाचा चुकला नाय. तेव्हा मान सोडू नकात. फकत मागताना वायच बघून मागा. देव आयकता, ह्या आता सिद्ध झाला."

बाबांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी तपकीर ओढली, चार शिंका दिल्या आणि आईला म्हणाले, "पान वाड." पुढे मरेपर्यंत बाबा गाऱ्हाणं घालण्याआधी एकदा मनातल्या मनात म्हणून बघायचे. ओठ हलताना दिसायचे. लोकांना वाटायचं, मंत्र म्हणतायत.

त्यानंतरच्या आठवड्यात रेडीहून मामा आला. पांढरी टोपी, हातात छत्री, ओटीवर ताठ बसलेला. आईने चहा दिला. इकडचं तिकडचं काही नाही, त्याने थेट विचारलं, "कायम झालास?"

मी दाराआड होते. सर नेहमीचे दोन शब्द बोलतील आणि वेळ मारून नेतील, असंच मला वाटलं. जूनपर्यंत ढकलायला ते दोन शब्द पुरले असते. सरांनी चष्म्याला हात लावला नाही.

"नाय," ते म्हणाले. "होणारव नाय. अध्यक्षाक मी दुखवलंय."

मामाने चहा संपवला, कप पालथा घातला आणि छत्री घेऊन गेला.

त्या एप्रिलला सर नेहमीसारखे निघाले. आंबा उतरायला लागला होता, सगळे आपापल्या बागेत. नारळसुद्धा कुणी दिला नाही. कोण देणार? जूनमध्ये येणारच होते. मी विहिरीवरून हाक मारली, "येतास मा, सर?" एस.टी.चा आवाज आला आणि ते काय म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही.

जूनमध्ये सर आले नाहीत. त्यांच्या जागी पुण्याहून एक गृहस्थ आले. ते कायम म्हणून आले. शेटनी त्यांना मुद्दाम कायम केलं. टाय लावायचे. पावसाला आणि सुक्या बांगड्याच्या वासाला कंटाळून ते गणपतीलाच घरी गेले ते परत आले नाहीत. कायम माणूस दोन महिने टिकला. शिपाई म्हणाला, "आमचो हंगामी बरो. चार वरसां पुरलो."

मी बी.ए. झाल्यावर कोल्हापूरला निघाले होते, गाडी फोंड्याला थांबली. हॉटेलात गेले. गल्ल्यावर सरांचे भाऊ. मी विचारलं, सर खंय?

"तो? तो रेडयेक. लगीन झाला न्हय त्याचा?"

"मामान दिल्यान चेडू?"

"मामा कोण देणारो? ती आपणच इली, मामाक मागसून घेवन. थंय त्या बाकड्यार बसली, चाय घेतल्यान आणि आमच्या भावाशीक म्हणाली, मामा सांगता, तुमी त्येका खोटा सांगूक नाय. माझी नोकरी कायम आसा. घरात येक बस झाली."

परतल्यावर मी पेढे घेऊन रेडीला गेले. बंदरावर खनिजाचे ढीग, झाडांची पानंसुद्धा तांबडी झालेली. एका पोराला सरांचं घर विचारलं तर त्याला कळेना. वर्णन केल्यावर म्हणाला, "आमच्या बाईंचो घोव? मगे तसा सांगा मा." आणि घरापर्यंत सोडून गेला.

सर चुलीपुढे होते. लुंगी गुडघ्यापर्यंत, हातात पळी, चष्म्यावर वाफ. बोट लागली की बंदरावर मोजणीला जातात, पावसात बंदर बंद, तेव्हा घर बघतात, असं कळलं. ओटीवर चार पोरं पाटीवर वर्तुळं काढत बसली होती. मी पाया पडले, बी.ए. झाले म्हणून सांगितलं. सरांनी चष्मा पुसला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बाबांका सांगलंस?" मी म्हटलं, "त्येंकाच आदी." तेव्हा ते पेढा खायला तयार झाले.

एवढ्यात बाई शाळेतून आल्या. ठेंगणी, चटपटीत बाई. छत्री कोपऱ्यात ठेवली, पाय धुतले, मला बघून विचारलं, "ह्या कोण?"

"माझी विद्यार्थिनी. बी.ए. झाली."

"व्हय? आणि तिका धुरात बसवल्यात?" त्यांनी मला माजघरात पाट दिला, तिघांची पानं मांडली, आणि सरांच्या हातातली पळी घेऊन आमटीचा थेंब तळहातावर घेतला.

"मीठ पडूक नाय."

मी "सध्या तरी"ची वाट बघत होते. "उद्यापासून घालतलंय," सर म्हणाले, आणि भाताचं तपेलं उतरवायला वाकले.